एका किलोचे सहा किलो

मागच्या रविवारी मुळशीला मामाकडे गेलो होतो. तसं बघितलं तर माझं ऑफिस हिंजवडीत, म्हणजे सातबाऱ्याच्या हिशोबाने मी रोजच मुळशी तालुक्यात जातो. पण पौड ओलांडून पुढे गेलं की खरी मुळशी लागते. भातखाचरं, पाऊस, आणि मामीच्या वीसेक गावठी कोंबड्या.

या कोंबड्या आजवर परसात, बांधावर, कुठेही उकरत हिंडायच्या. आता दोन्ही बाजूंना फार्महाऊसची कुंपणं झाली. शेजाऱ्यांची कुत्री आली. त्यामुळे कोंबड्या जाळीत बंद, आणि खाद्य विकतचं. मामीने मला एक छापील कागद दाखवला.

"बाळा, तू इंजिनिअर ना, जरा बघ. यंत्रात मका भिजवायचा, आठ दिवसात एका किलोचं सहा किलो खाद्य होतं म्हणे. पंचेचाळीस हजाराला आहे. बचत गटातून उचलावे म्हणते."

मी म्हटलं, मामी, आठ दिवस थांबा. आणि घरी येऊन वाचत बसलो. इतकी मजेशीर गोष्ट निघाली की म्हटलं लिहूनच टाकू.

गोष्ट सुरू होते १८९० च्या दशकात, डच लोकांच्या ताब्यातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात. आइकमान नावाचा डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. जंतू सापडेना, पण प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडल्या. कारण काय, तर त्यांना इस्पितळातला पॉलिश केलेल्या तांदळाचा उरलेला भात घालत होते. बिनपॉलिशचा तांदूळ मिळू लागताच कोंबड्या ठणठणीत! कोंड्यात असं काहीतरी होतं, ज्याला तेव्हा नावही नव्हतं. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे भाताचा कोंडा कोंबड्यांपुढे टाकतात, तो उगाच नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपुढे मामीचाच प्रश्न होता. हिवाळ्यात बाहेर बर्फ, कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या, हिरवं पान नाही, अंडी कमी. त्यांनी ओट भिजवले, लाकडी ट्रेमध्ये पसरले, ट्रे तळघरात एकावर एक रचले. उबेसाठी खाली रॉकेलचा दिवा. कोंब आले की रोज थोडे कोंबड्यांना. अशी मोड आणायची कपाटं तिथे बाजारातही मिळत. लक्षात घ्या मंडळी, हे सगळं मुख्य दाण्याच्या जोडीला. पोट भरायला दाणा होताच.

कोंबांनी गुण का येतो हे पुढे उमगलं. 'व्हिटॅमिन' हा शब्द १९१२ चा. अ जीवनसत्त्व १९१३ मध्ये सापडलं, ड आणि ई १९२२ च्या सुमारास. धान्याला मोड आले की ई जीवनसत्त्व वाढतं, आणि उजेडात कोंब हिरवे झाले की ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं तो कॅरोटीनही वाढतो. कोंडलेल्या पिल्लांचे पाय अधू होतात ते उन्हाअभावी, ड जीवनसत्त्व न मिळाल्याने, हेही याच काळात कळलं. माशाच्या तेलाने ते बरे होऊ लागले आणि मग कोंबडीला वर्षभर घरात ठेवणं शक्य झालं. पुढे ही जीवनसत्त्वं कारखान्यात तयार होऊन थेट खाद्यात मिसळली जाऊ लागली, आणि मोड आणायची कपाटं अडगळीत गेली. आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. हा समूह पुढे पुण्याचाच झाला. तोवर अंड्यांचा धंदा तयार खाद्यावरच चालायचा हे जगभर ठरून गेलं होतं.

आपल्याकडे ही कल्पना पुन्हा चर्चेत आली ती जनावरांच्या चाऱ्यासाठी. गोव्यात २०११ च्या सुमारास सरकारी योजनेतून दुधाच्या सोसायट्यांकडे अशी युनिट्स बसली. तिथून हे तंत्र यंत्राच्या जाहिरातीत आलं, आणि गाईचा चारा कोंबडीचं खाद्य झाला!

आता आमचा धंदा, म्हणजे हिशोब. एक किलो कोरड्या मक्यात पाणी वगळता साधारण ९०० ग्रॅम ऐवज असतो. आठ दिवसांनी ट्रेमध्ये साडेपाच किलोचा गालिचा होतो, पण त्यातला कोरडा ऐवज १३-१४ टक्के, म्हणजे साडेसातशे ग्रॅमच्या आसपास. वजन वाढलं ते पाण्याने. आणि वाढता कोंब स्वतःही दाण्यातला साठा खातो, त्यामुळे ऐवज उलट घटतो. कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं. तेवढा ऐवज निव्वळ कोंबांतून द्यायचा तर रोज पाऊण किलो खावं लागेल. एवढंसं ते पोट!

शिवाय मुळशीचा पाऊस. दमट हवेत ट्रेला बुरशी धरायला वेळ लागत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या विषाने. तेव्हा वास आलेला ट्रे सरळ फेकून द्यायचा. आणि दुकानातलं औषध चोळलेलं रंगीत बियाणं तर कोंबड्यांना अजिबात नाही.

काल हे सगळं मामीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ही भाकरी नाही, कोशिंबीर आहे."

बस्स! दोन तास गूगल करून मला जे चार परिच्छेदांत मांडता आलं नाही, ते मामीने एका वाक्यात संपवलं. :-)

पुढे म्हणाली, "आणि यंत्र कशाला? घट नाही का बसवत आपण?" खरंच की. घटस्थापनेला देवघराच्या अंधारात माती पसरून धान पेरायचं, रोज पाणी शिंपडायचं, नऊ दिवसांत पिवळेधमक कोंब. दसऱ्याला ते टोपीत खोवायचे. घट उठले की मामीच्या कोंबड्या उरलेल्या धानावर कशा तुटून पडायच्या, ते लहानपणी दरवर्षी बघितलंय.

पंचेचाळीस हजारांचं कर्ज रद्द झालंय. पुढच्या शनिवारी मी भोकं पाडलेले चार प्लॅस्टिकचे ट्रे घेऊन जातोय. पडवीतल्या उजेडात, रोज मूठभर, दाण्याच्या जोडीला. अंड्याचा बलक किती पिवळा होतो ते बघू.