ठाणे बंदरातून सुमात्रा-जावाकडे

ठाणे, कल्याण, डोंबिवली म्हटले की आज डोळ्यांसमोर लोकलची गर्दी येते. या भागातून बँकॉक-बालीला सहलीला जाणारेही आता कमी नाहीत. मुंबईहून विमानाने बँकॉक चार-साडेचार तासांवर आहे. पण उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या काठची ही गावे एके काळी स्वतःच बंदरे होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत कल्याण आहे, सहाव्या शतकातील कॉस्मसच्या लेखनातही आहे. ठाणे बंदरातून निघून थेट आग्नेय आशिया पाहिलेल्या एका प्रवाशाची हकीकत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

त्याचे नाव ओडोरिक. इटलीतील पोर्देनोने भागातला हा फ्रान्सिस्कन साधू. तो ना राजदूत, ना व्यापारी. होर्मुझहून तो अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला पोचला, तेही लोखंडाचा एकही खिळा नसलेल्या, नुसत्या दोरीने शिवलेल्या जहाजातून. अशी काथ्याने शिवलेली जहाजे अरबी समुद्रात सर्रास चालत. ठाण्यावर तेव्हा दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. ठाण्याबद्दल त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट वाचून विद्यार्थी नक्की हसतील: इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरे त्यांच्यापुढे हात टेकतात! घूस पाहिलेल्या कोणालाही यातला खरा भाग आणि फुगवलेला भाग लगेच वेगळा करता येईल.

1321 मध्ये ठाण्यात त्याच्या पंथाचे चार साधू मारले गेले होते. त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन ओडोरिक पुढे निघाला. वाटेत कोल्लमकडे जाताना वारा पडला. जहाजावरच्या सर्वांनी आपापल्या देवांना साकडे घातले. शेवटी आपण एक अस्थी गुपचूप समुद्रात टाकवली आणि वारा सुटला, असे तो सांगतो. चमत्कार बाजूला ठेवू. शिडाच्या जहाजाला वारा म्हणजे काय होता, हे या प्रसंगातून जितके कळते तितके नकाशावरच्या बाणांतून कळत नाही. नैऋत्येचे वारे पूर्वेला नेत, ईशान्येचे परत आणत. वेळ चुकली की परक्या बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम. कोल्लमपासून त्याला मोठे चिनी जहाज मिळाले. त्यावर सातशे माणसे होती, असे तो म्हणतो.

मद्रासकडच्या किनाऱ्यावरून पन्नास दिवसांनी तो सुमात्राच्या उत्तर टोकाशी, लामुरीला पोचला. तिथे त्याने केलेली एक नोंद आम्हांला सर्वांत मोलाची वाटते: इथे ध्रुवतारा दिसेनासा होऊ लागला, कारण पृथ्वी आड आली. पृथ्वी गोल आहे हे सुशिक्षितांना तेव्हाही ठाऊक होते; पण इथे एक माणूस ते डोळ्यांनी अनुभवतो आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. कल्याणच्या गच्चीवरून ती सुमारे 19 अंश भरते. हात लांब करून वळलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते, म्हणजे दोन मुठींना थोडे कमी. लामुरीचा अक्षांश साडेपाच अंशांच्या आसपास. मग तारा दिसेनासा का व्हावा? परांचनामुळे त्या काळी ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे चार-साडेचार अंश दूर होता. त्यामुळे ध्रुवाभोवती फिरताना तो कधी दहा अंशांच्या जवळ चढे, तर कधी क्षितिजावर जेमतेम एका अंशापर्यंत उतरे, आणि तिथल्या दमट धुक्यात हरवून जाई. ओडोरिकची नोंद आजच्या गणिताशी इतकी जुळते.

जवळच्या ‘सुमोल्त्रा’ राज्याचेही नाव त्याने लिहिले आहे. ‘समुद्र’ या संस्कृत शब्दावरून आलेले बंदराचे हे नाव पुढे साऱ्या बेटाला मिळाले. जावाच्या राजाने चीनच्या महाखानाला दाद दिली नाही, हेही त्याला कळले होते. 1293 मधली ती चिनी स्वारी खरोखर फसली होती.

त्यानंतरची पीठ देणाऱ्या झाडांची गोष्ट आपल्या उपवासाच्या खिचडीपर्यंत येते. झाडाला कुऱ्हाडीने घाव घालतात, डिंकासारखा रस गळतो, तो उन्हात वाळवून त्याचे पीठ करतात, असे तो लिहितो. आपण ते खाल्ले, असेही आवर्जून सांगतो. हे सागूचे झाड. ‘साबूदाणा’ शब्दाचे मूळ मलाय ‘सागू’तच आहे, जरी आपला साबूदाणा तमिळनाडूत टॅपिओकाच्या कंदापासून होतो. प्रत्यक्षात सागूचे पीठ रसातून निघत नाही. खोडातला गर किसून, पाण्यात धुऊन, खाली बसलेला स्टार्च घेतात. म्हणजे पदार्थ त्याने चाखला, पण कृती बहुधा ऐकीव. चंपा देशात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, माशांचे प्रचंड थवे काठाशी येऊन तीन दिवस राहतात, ही नोंद मात्र विणीच्या हंगामाशी जुळू शकते. पादुआच्या चर्चच्या घुमटाहून मोठे कासव पाहिल्याचेही तो त्याच दमात सांगतो!

अस्थी त्याने चीनमधील झैतून बंदरात पोचत्या केल्या. 1330 च्या मे महिन्यात पादुआला त्याने ही सारी हकीकत तोंडी सांगितली, एका सहकाऱ्याने ती लिहून घेतली. जानेवारी 1331 मध्ये तो वारला. पुढे ‘मँडेव्हिल’ नावाने निघालेल्या प्रवासवर्णनाने त्याचा मजकूर मुबलक उचलला, आणि युरोपात कित्येक पिढ्या गाजले ते मँडेव्हिलच.