पाण्यावरची रेघ

न टिकणाऱ्या गोष्टीस मराठींत पाण्यावरची रेघ म्हणतात. जहाज पाणी कापीत पुढें जातें, त्याच्या मागें फेसाचा पट्टा उमटतो, आणि थोड्याच वेळांत समुद्र पूर्वीसारखा होतो. त्या वाटेनें कोणी गेलें होतें याची खूण पाण्यावर राहत नाहीं. ती राहते जहाजाच्या रोजनाम्यांत. अमुक दिवस, अमुक वेळ, अमुक अक्षांश व अमुक रेखांश. हे आंकडे नकाशावर बिंदु म्हणून मांडले व एकामागून एक जोडले, कीं तीच पाण्यावरची रेघ कागदावर कायमची होते. समुद्राविषयीं मनुष्यास जें ज्ञान झालें, त्याचा मोठा भाग अशा मार्गरेषांतून आलेला आहे. परंतु या रेषा आणखीही एक गोष्ट सांगतात. जेथें रेषा नाहीं, तेथें कोणी मोजमाप केलेलें नाहीं. हा दुसरा बोध पहिल्याहून कमी मोलाचा नाहीं, हें या रेषांच्या इतिहासावरून दिसून येतें.

मार्गरेषा पद्धतशीरपणें गोळा करण्याचें श्रेय अमेरिकन आरमारांतील अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी याजकडे जातें. १८३९ सालीं घोडागाडीच्या अपघातांत त्याचा पाय कायमचा अधू झाला व समुद्रावरील नोकरीचा मार्ग खुंटला. १८४२ सालीं वॉशिंग्टन येथील नकाशांच्या व उपकरणांच्या सरकारी कोठाराचा कारभार त्याजकडे आला. तेथें जुन्या जहाजांचे रोजनामे निरुपयोगी म्हणून पडून होते. मॉरीनें ते उघडले, प्रत्येक जहाजाची वाट नकाशावर काढली, आणि त्या त्या ठिकाणीं वारा कोणता व प्रवाह कोणता होता हें तिच्या शेजारीं टिपलें. एका कप्तानाच्या अनुभवास फारशी किंमत नसते. परंतु शेंकडों कप्तानांच्या रेषा एका कागदावर आल्या, तेव्हां समुद्राचा स्वभाव दिसूं लागला.

१८४७ सालीं उत्तर अटलांटिकचा वाऱ्यांचा व प्रवाहांचा त्याचा पहिला नकाशा निघाला. त्यानें कप्तानांशीं एक साधा करार केला: नकाशा फुकट घ्या, आणि त्याच्या मोबदल्यांत आपल्या प्रवासाचें टिपण धाडा. ब्राझीलच्या साँ रोक भूशिराची खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या धास्ती वाटे, म्हणून रिओ द जानेरोस जाणारीं तारवें पूर्वेकडे लांबचा वळसा घेत. मॉरीच्या रेषांवरून ही भीति बऱ्याच अंशीं व्यर्थ ठरली आणि प्रवासाचे कित्येक दिवस वांचले. १८५३ सालीं ब्रुसेल्स येथें दहा राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले व समुद्रावरील नोंदी एकाच पद्धतीनें ठेवण्याचें त्यांनीं ठरविलें.

मॉरीच्या रेषा मुख्यतः समुद्राच्या पृष्ठभागाविषयीं बोलत. तळाचा ठाव घ्यावयाचा तर दोरीस वजन बांधून तें खोल पाण्यांत सोडावें लागे, आणि एका मोजमापास कित्येक तास जात. विसाव्या शतकांत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याची युक्ति निघाली आणि सर्व चित्र पालटलें. १९२५ ते १९२७ या काळांत ‘मेटेओर’ या जर्मन जहाजानें दक्षिण अटलांटिकांत ६७ हजारांहून अधिक खोल्या मोजल्या. आतां जहाजाची मार्गरेषा ही नुसती वाट राहिली नाहीं. ती समुद्रतळाचा उभा छेद झाली. १९२८ ते १९३० या काळांतील ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या सफरींत अरबी समुद्राखालीं एका पर्वतरांगेचा शोध लागला. सफरीस साह्य करणाऱ्या संस्थेच्या नांवावरून ती कार्ल्सबर्ग रांग म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील लॅमाँट भूशास्त्रीय वेधशाळा या कामाचें मोठें केंद्र बनली. तिचें ‘व्हेमा’ हें मूळचें शिडाचें जहाज आपल्या हयातींत दहा लाख सागरी मैलांहून अधिक फिरलें. त्या काळीं अशा जहाजांवर स्त्रियांस प्रवेश नसे. म्हणून मारी थार्प ही विदुषी किनाऱ्यावरील कचेरींत बसून, ब्रूस हीझेन व इतरांनीं आणलेले आंकडे कागदावर उतरवीत असे. अटलांटिक ओलांडणाऱ्या मार्गरेषांचे छेद एकाखालीं एक मांडतांना १९५२ सालीं तिला दिसलें, कीं मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदांत एक दरी आहे. समुद्रतळ तेथें दुभंगत आहे, असा त्याचा अर्थ होता. हीझेनला प्रथम तें पटलें नाहीं. पुढें पुराव्यापुढें त्यानें मान तुकविली. थार्पच्या नकाशांतील एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जेथें कोणतेंच जहाज गेलें नव्हतें, त्या मोठ्या कोऱ्या जागेंत तिनें खुणांच्या स्पष्टीकरणाची भली थोरली चौकट टाकली.

हिंदी महासागरांतील मार्गरेषांनींही या शास्त्रांत मोलाची भर घातली. १९६२ सालीं ब्रिटिश आरमाराचें ‘ओवेन’ हें जहाज कार्ल्सबर्ग रांगेवर समांतर फेऱ्या घालीत असतां ड्रमंड मॅथ्यूज यानें तेथील चुंबकीय बल मोजलें. त्या आंकड्यांवरून फ्रेड व्हाइन व मॅथ्यूज यांनीं १९६३ सालीं प्रतिपादन केलें, कीं रांगेच्या दोहों बाजूंस पसरत जाणाऱ्या खडकांत पृथ्वीच्या उलटसुलट झालेल्या चुंबकत्वाची नोंद पट्ट्यापट्ट्यांनीं राहिलेली आहे. खंडें सरकतात या मतास त्यामुळें भक्कम आधार मिळाला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती आणि भारताचें ‘कृष्णा’ हें नौदलाचें जहाज तींत सामील झालें होतें. या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे.

आंकड्यांचे ढीग वाढत गेले, आणि हातानें रेघा ओढणें मनुष्याच्या आवांक्याबाहेर गेलें. १९७७ सालीं जहाजी मोजमापांच्या देवाणघेवाणीसाठीं एक समान सांचा ठरला. त्यानंतर १९८८ सालीं लॅमाँट येथेंच पॉल वेसेल व वॉल्टर स्मिथ या दोन विद्यार्थ्यांनीं नकाशे काढण्याचीं संगणकीय हत्यारें तयार केलीं. ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’, किंवा थोडक्यांत ‘जीएमटी’, हें त्यांचें नांव. त्यांत चित्रांवर बोट ठेवून काम सांगावयाचें नसतें. हुकूम अक्षरांनीं एका ओळींत लिहावयाचा असतो. एक हुकूम किनारे काढतो. दुसऱ्यास रेखांश-अक्षांशांची यादी दिली कीं तो मार्गरेषा ओढतो. तिसरा त्या रेषेवर तारीख, वेळ व अंतर यांच्या खुणा घालतो. अशा थरांवर थर चढून नकाशा पुरा होतो.

या कामांत खांचखळगेही आहेत. १८० अंशांच्या रेखावृत्तावर पूर्व रेखांश एकाएकीं पश्चिम होतो. तेथें बिंदु आंधळेपणानें जोडले, तर पॅसिफिक ओलांडणारें जहाज आफ्रिका खंडावरून चालत गेल्यासारखी आडवी रेघ साऱ्या नकाशावर पडते. हें ओळखण्याची समज या हत्यारांत घातलेली आहे. त्याहून महत्त्वाची परीक्षा छेदनबिंदूंची. दोन जहाजांच्या रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथें दोघांनीं मोजलेली खोली एकच यावयास हवी. ती निराळी आली, तर कोठें तरी चूक आहे: जहाजाचें स्थान चुकलें असेल, ध्वनीचा वेग चुकीचा धरला असेल, किंवा आंकडा उतरवितांना लेखणी घसरली असेल. वर्षानुवर्षांच्या अंतरानें गेलेलीं जहाजें अशा रीतीनें एकमेकांचे साक्षीदार होतात. शिवाय लिहिलेला हुकूम जपून ठेवतां येतो. नवे आंकडे आले कीं तोच पुन्हां चालवावा. कोणास शंका आली, तर त्यानें तो वाचून पाहावा. वेसेल व स्मिथ यांनीं हीं हत्यारें सर्वांस मोफत दिलीं. वेसेल हा २०२४ सालीं निधन पावला. त्याचें काम जगभर चालू आहे.

१९९७ सालीं स्मिथ व डेव्हिड सँडवेल यांनीं उपग्रहाच्या साह्यानें साऱ्या समुद्रतळाचा नकाशा प्रसिद्ध केला. पाण्याखालील पर्वताच्या आकर्षणानें त्याच्यावरील पाण्यास किंचित् फुगवटा येतो. तो उपग्रहानें मोजला, म्हणजे पर्वताचा अंदाज करतां येतो. नकाशा कोठेंही कोरा राहिला नाहीं. आणि धोका नेमका तेथेंच होता. अंदाज व मोजमाप डोळ्यांना एकसारखेंच दिसूं लागलें. म्हणून कर्त्यांनीं एक खूण ठेवली: जेथें जहाजानें प्रत्यक्ष खोली मोजली, तेथील आंकडा विषम, जेथें केवळ अनुमान, तेथील आंकडा सम.

ही खूण म्हणजे पंडितांचा विनोद नव्हता. ८ जानेवारी २००५ रोजीं ‘सान फ्रान्सिस्को’ ही अमेरिकन पाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेस समुद्रांतील डोंगरावर आदळली. तिच्या नकाशावर तो डोंगर नव्हता. एक खलाशी प्राणास मुकला व पुष्कळ जखमी झाले. ८ मार्च २०१४ रोजीं मलेशियाचें एक विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. त्यांत भारताचेही पांच नागरिक होते. शोध हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत सुरू झाला, तेव्हां स्मिथ व कॅरेन मार्क्स यांनीं तेथील मार्गरेषा काढून दाखविल्या. २,००० किलोमीटर लांब व १,४०० किलोमीटर रुंद अशा त्या प्रदेशाच्या अवघ्या ५ टक्के भागांत जहाजांनीं खोली मोजलेली होती. ज्या तळावर आप्तांचा शोध घ्यावयाचा, तो तळ आधीं नव्यानें मोजावा लागला. त्या निमित्तानें अडीच लाख चौरस किलोमीटरांहून अधिक समुद्रतळ नकाशावर आला. परंतु विमान त्या शोधांत सांपडलें नाहीं.

२०१७ सालीं जगाचा सर्व समुद्रतळ २०३० पर्यंत मोजण्याचा संकल्प जाहीर झाला. २०२४ पर्यंत त्यांतील सुमारें चतुर्थांश भाग पुरा झाला होता. उरलेल्या भागाचेही सुंदर रंगीत नकाशे मिळतात. ते हातीं आले, म्हणजे शहाण्या मनुष्यानें प्रथम त्यांवरील मार्गरेषा मागून घ्याव्या. रंग सर्व ठिकाणीं सारखेच असतात. कोण कोठवर जाऊन आलें, हें रेषाच सांगतात.