कलानी, आयलानी, लालवानी, मिरचंदानी... उल्हासनगरच्या आडनावांमधला '-आणी' आला कुठून?

उल्हासनगर विधानसभेच्या 2009, 2014, 2019 आणि 2024 अशा चार निवडणुका घ्या. पक्ष बदलले, उमेदवारांची पहिली नावं बदलली, पण लढत एकच राहिली : कलानी विरुद्ध आयलानी. बाहेरच्या माणसाला वाटावं, हे दोघं एकाच घरातले की काय?

तर नाही. कलानी वेगळे, आयलानी वेगळे. फक्त दोघांच्या आडनावाचं शेपूट एक आहे. स्टेशनातून बाहेर पडून फर्निचर बाजार, जीन्स मार्केट किंवा गजानन मार्केटमध्ये गेलं, तर दुकानांच्या पाट्यांवर हेच शेपूट सगळीकडे दिसतं. लालवानी, मिरचंदानी, रामचंदानी, वासवानी, जेठवानी.

हे '-आणी' म्हणजे काय, ते कल्याणच्या पुढच्या स्टेशनात कसं पोचलं आणि आडनावात '-आणी' असलं की माणूस सिंधीच असतो का, हे समजून घेऊ.

'-आणी' म्हणजे 'च्या वंशातले'

मराठीत बरीचशी आडनावं गावावरून येतात. कल्याणचा तो कल्याणकर, बदलापूरचा तो बदलापूरकर. काही आडनावं कामावरून येतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही तशीच.

सिंधी आडनावांत हे काम पूर्वजाचं नाव करतं. घराण्यातला एखादा नावाजलेला पुरुष धरायचा, त्याच्या नावाला '-आणी' जोडायचं, झालं आडनाव. मिरचंदचे वंशज मिरचंदानी. रामचंदचे रामचंदानी. जेठमलचे जेठमलानी. हिरानंदचे हिरानंदानी.

हा प्रत्यय संस्कृतातल्या 'अंश' या शब्दाशी जोडला जातो. अमुक माणसाचा अंश, म्हणजे त्याच्या वंशातला. व्युत्पत्तीचा हा धागा बाजूला ठेवला तरी वापरातला अर्थ स्पष्ट आहे, 'त्याच्या घराण्यातले'. स्कॉटलंडमधलं 'मॅक', आर्मेनियातलं '-यान' किंवा पठाणांमधलं '-झई' हेच काम करतात.

आता प्रश्न येतो, काही आडनावांत '-आणी' आणि काहींत '-वाणी' असं का? त्याचं उत्तर शाळेतल्या व्याकरणात आहे. सु + आगत = स्वागत. म्हणजे 'उ'च्या पुढे 'आ' आला की मध्ये 'व' तयार होतो. अडवाणी घराण्याचे मूळपुरुष दिवाण अडूमल. अडू + आणी = अडवाणी. गिडवाणी घराण्याचे मूळपुरुष दिवाण गिडूमल. गिडू + आणी = गिडवाणी. त्यामुळे या आडनावांचा 'वाणी'शी, म्हणजे बोलण्याशी किंवा वाण्याच्या दुकानाशी काहीही संबंध नाही.

गिडूमल कोण होता?

हे मूळपुरुष निव्वळ दंतकथेतले नाहीत. सिंधवर कल्होरा घराण्याची सत्ता होती तेव्हा मियाँ गुलाम शाह कल्होरो याने 1768 मध्ये हैदराबाद शहर वसवलं. हे हैदराबाद म्हणजे सिंधमधलं, तेलंगणातलं नव्हे. या कामात दिवाण गिडूमलचा मोठा हात होता. तिथल्या सिंधू नदीवरच्या धक्क्याला त्याच्याच नावावरून 'गिडू बंदर' म्हटलं जातं.

असे दिवाण, मुन्शी, कारभारी ज्या वर्गात होते त्याला 'आमील' म्हणत. शब्द अरबी आहे, पण मराठी माणसाला परका नाही. 'अंमल', 'अंमलदार', 'अंमलबजावणी' हे त्याच मुळातले शब्द. आमील म्हणजे राज्याचा अंमल चालवणारे. अडवाणी, गिडवाणी, मलकानी, कृपलानी ही घराणी या वर्गातली. भेरूमल मेहरचंद अडवाणी यांनी 'आमिलन जो अहवाल' या सिंधी पुस्तकात अशा घराण्यांची माहिती नोंदवून ठेवली आहे.

दुसरा मोठा वर्ग होता 'भाईबंद', म्हणजे व्यापारी. हैदराबादचे भाईबंद एकोणिसाव्या शतकातच कलाकुसरीचा माल घेऊन जगभर गेले. त्यांना 'सिंधवर्की' असं नाव पडलं. हाँगकाँग, सिंगापूर, जिब्राल्टर, कॅनरी बेटं इथे आज '-आणी' आडनावं सापडतात, त्यांची सुरुवात फाळणीच्या कितीतरी आधीची आहे.

मधलं नाव मराठीसारखंच

मराठी आणि सिंधी नावांत एक साम्य आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. जे. बी. कृपलानी म्हणजे जीवतराम भगवानदास कृपलानी. साधू टी. एल. वासवानी म्हणजे थांवरदास लीलाराम वासवानी.

कधीकधी आडनाव किती जवळच्या पिढीतून आलंय हेही नावातच दिसतं. मुंबईतले प्रसिद्ध कान-नाक-घसा सर्जन डॉ. एल. एच. हिरानंदानी यांचं पूर्ण नाव लखूमल हिरानंद हिरानंदानी. मधलं नाव हिरानंद आणि आडनावातही हिरानंद.

यातून एक गोष्ट कळते. एका '-आणी' आडनावाची सगळी माणसं नातेवाईक असतीलच असं नाही. रामचंद नावाचे पुरुष शेकडो होऊन गेले, त्यामुळे रामचंदानी घराणीही अनेक असू शकतात. म्हणूनच सिंधी समाजात आडनावाच्या मागे 'नुख' नावाची जुनी, मोठी कुळी असते. लग्न जुळवताना जुनी मंडळी आडनावासोबत नुखही विचारतात.

कल्याण कॅम्पमध्ये काय झालं?

1947 मध्ये पंजाब आणि बंगालची फाळणी झाली. सिंधची झाली नाही. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पूर्व पंजाब किंवा पश्चिम बंगालसारखा आपल्या भाषेचा तुकडा भारतातल्या सिंधी हिंदूंच्या वाट्याला आला नाही. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि लोकांचे लोंढे निघाले. साधारण 12 लाख सिंधी हिंदू भारतात आले असं मानलं जातं.

त्यातले बरेचसे बोटीने मुंबईला उतरले. एवढ्या लोकांना ठेवायचं कुठे? दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याणजवळ मोठी छावणी बांधलेली होती आणि युद्ध संपल्यावर ती रिकामी पडली होती. सुमारे 1 लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा देण्यात आली. छावणीचे पाच भाग होते. म्हणून आजही रिक्षावाल्याला 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच सांगावं लागतं.

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या शहराची कोनशिला बसवली गेली. उल्हास नदीवरून नाव ठेवलं, उल्हासनगर.

या माणसांनी घरं, शेती, दुकानं, हवेल्या मागे सोडल्या होत्या. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी 1950 मध्ये आणि भरपाई व पुनर्वसनासाठी 1954 मध्ये केंद्राने कायदे केले. आता दावा करायचा तर आपण कोण आणि कोणाचे वारस, हे कागदावर सांगावं लागणार. जिथे गाव हातातून गेलं होतं, तिथे बाप-आजोबाचं नाव आणि आडनाव हीच ओळख उरली. मराठी आडनावातलं 'कर' गावाकडे बोट दाखवतं. सिंधी आडनाव माणसाकडे बोट दाखवतं. गाव सुटल्यावर ही गोष्ट उपयोगाची ठरली.

तो कागद आजही संपलेला नाही. उल्हासनगरमध्ये निर्वासितांना दिलेल्या जागांच्या सनदा असतात. इमारत जुनी झाली, पुनर्विकास करायचाय, वारसनोंद करायचीय, की आजोबांच्या नावची सनद कपाटातून बाहेर निघते. तिथे आडनाव एका स्पेलिंगने आणि नातवाच्या आधार कार्डावर दुसऱ्याच स्पेलिंगने असेल, तर दोन्ही नावं एकाच घरातली आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

'न' की 'ण'?

स्पेलिंगचा हा घोळ होतो, कारण सिंधीत या प्रत्ययात मुळात 'ण' आहे. सिंधी ही भारतात अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते आणि दोन्हींत 'ण'साठी वेगळं अक्षर आहे. पण रोमन लिपीत 'न' आणि 'ण' एकच होतात. इंग्रजी कागदावरून नाव परत देवनागरीत आलं की 'ण'चा 'न' होतो. म्हणून मराठी पेपरात अडवाणी 'ण'ने दिसतात आणि जेठमलानी 'न'ने. प्रत्यय दोन्हीकडे एकच आहे. एखाद्याच्या कागदपत्रांवर देवनागरीत जे लिहिलंय तेच लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

सगळे सिंधी '-आणी' नसतात

तलरेजा, माखिजा, रहेजा, बठिजा ही '-जा' शेवटाची आडनावंही उल्हासनगरात भरपूर आहेत. त्याचे दोन खुलासे दिले जातात. एक म्हणजे संस्कृत 'ज', अर्थात जन्मलेला. दुसरा म्हणजे सिंधीतला 'जो-जा' हा प्रत्यय, जो मराठीतल्या 'चा-चे'सारखा आहे. हा 'जो' प्रत्येकाने शाळेत वाचलाय. मोहें-जो-दडो, म्हणजे मेलेल्यांचं टेकाड. त्यातला 'जो' म्हणजे 'चा'.

पण '-जा' म्हणजे सिंधीच, असंही नाही. आहुजा, तनेजा, जुनेजा ही आडनावं पंजाबी अरोरा समाजातही आहेत. तमन्ना भाटिया सिंधी आहे, तिच्या आडनावात '-आणी'ही नाही आणि '-जा'ही नाही. रणवीर सिंगचं घरचं आडनाव भवनानी, ते त्याने पडद्यावर लावलंच नाही.

आणि सगळे '-आणी' सिंधी नसतात

व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अंबानी आणि अदानी ही दोन्ही घराणी गुजराती आहेत. गुजरातेतही वंश दाखवायला '-आणी' लावतात, सौराष्ट्रातल्या पटेलांमध्ये विराणीसारखी आडनावं त्यातूनच येतात. लखानी हे आडनाव तर सिंधी, गुजराती लोहाणा आणि खोजा मुस्लिम अशा तिन्हीकडे सापडतं. बलुच टोळ्यांमध्ये रायसानी आहेत.

इराणी आणि गिलानी यांचा तर या प्रत्ययाशीच संबंध नाही. इराण + ई = इराणी. गिलान या प्रांतावरून गिलानी. 'पाकिस्तानी', 'हिंदुस्तानी' हे शब्दही तसेच, देशाच्या नावाला 'ई' लागून झालेले. त्यामुळे एखाद्याचं आडनाव '-आनी'ने संपतं म्हणून 'हे तिकडचे' असं म्हणणाऱ्या पोस्टला व्याकरणाचाही आधार नाही आणि इतिहासाचाही. ज्यांना सगळं सोडून इकडे यावं लागलं, त्यांनाच तिकडचं ठरवलं जातं.

आज ही आडनावं कुठे कुठे आहेत?

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 27.7 लाख लोकांची मातृभाषा सिंधी गटात मोजली गेली. त्यात कच्छी बोलणारेही धरलेत, म्हणून गुजरातचा आकडा 11.8 लाखांवर जातो. महाराष्ट्रात हा आकडा 7 लाखांच्या वर आहे.

नकाशा पाहिला तर ही आडनावं जिथे दाट आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी कधीकाळी निर्वासितांची वसाहत होती. उल्हासनगर, पिंपरी कॅम्प, नागपूरचं जरीपटका, कोल्हापूरजवळचं गांधीनगर. राज्याबाहेर अहमदाबादचं कुबेरनगर, भोपाळचं बैरागढ आणि कच्छमधलं गांधीधाम, जे सिंधी निर्वासितांसाठीच वसवलं गेलं.

कल्याणपुढच्या लोकलमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. उल्हासनगर संपून अंबरनाथ लागलं की पाट्या बदलतात. 1060 मधल्या शिवमंदिराच्या या गावात आणि पुढे बदलापूरला म्हात्रे, भोईर, पाटील ही जुनी आगरी-कुणबी घराणी भेटतात. कारखान्यांमुळे आलेले आणि मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले सावंत, जोशी, कुलकर्णी, जाधव भेटतात. अधूनमधून एखादं लालवानी किंवा तलरेजा भेटतं, व्यापारासाठी दोन स्टेशनं पुढे सरकलेलं.

2011 मध्ये उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाख 6 हजारांच्या आसपास होती, तीही जेमतेम 13 चौरस किलोमीटरमध्ये. त्यात आज मराठी आणि उत्तर भारतीय कुटुंबंही मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे उल्हासनगरचा प्रत्येक माणूस सिंधी हेही खरं नाही.

भाषा आणि आडनाव

सिंधीला 1967 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं. पण स्वतःचं राज्य नाही आणि मुलं इंग्रजी माध्यमात, त्यामुळे अनेक घरांत आजी सिंधी वाचते आणि नातू फक्त ऐकतो. पूर्वी लग्नानंतर सुनेचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती, मराठी घरांसारखीच. त्यामुळे घरातल्या बायकांची मूळ नावं तर कागदावरून पुसलीच गेली.

अशा घरात नुख कोणती, मूळ गाव कुठलं आणि आडनावातला तो पूर्वज नेमका कोण, ही माहिती बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडेच असते. आडनाव कागदावर टिकतं, बाकीचं कोणी विचारून लिहून ठेवलं तरच.