संपात हरवलेल्या रेकॉर्डी

गाणारा माणूस कामगार आहे की नाही? हा सवाल अमेरिकेत १९४२ साली उभा राहिला. तिथल्या वादकांच्या युनियननं त्याचं उत्तर 'नाही' असं दिलं आणि त्याची किंमत वादकांनीच मोजली. आपल्यातली पोरं जॅझ म्हटलं की हसतात. ताजमहाल हॉटेलात साहेबलोक नाचायचे ते, आपला काय संबंध, म्हणतात. संबंध आहे दोस्तहो. ऐका.

जॅझ न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीत घडलं. गुलामांच्या नातवंडांनी घडवलं. पण १९१७ साली पहिली जॅझ रेकॉर्ड निघाली ती गोऱ्यांच्या बँडची. किंग ऑलिव्हर आणि त्याच्या बँडातला तरुण लुई आर्मस्ट्राँग यांना रेकॉर्डिंगच्या भोंग्यापुढं उभं राहायला १९२३ साल उजाडलं. काळ्यांच्या रेकॉर्डींना कंपन्या 'रेस रेकॉर्ड' म्हणायच्या. त्यांची यादी वेगळी छापायच्या. गावातल्या हॉटेलात आपली कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असायची, तसंच हे. चहा तोच, पैसे तेच, कपबशी तेवढी वेगळी.

आता धंदा कसा चालायचा बघा. वादकानं स्टुडिओत यायचं, वाजवायचं, ठरलेली मजुरी घ्यायची आणि चालू लागायचं. रेकॉर्ड मात्र पुढं हजार वेळा वाजणार. रेडिओवर वाजणार, ज्यूकबॉक्समध्ये वाजणार. त्यातला पैसा मालकाचा. ज्या हॉटेलात बँड होता तिथं ज्यूकबॉक्स आला की बँड घरी. त्याआधी १९२७ नंतर बोलपट आले तेव्हा मूकपटाच्या थेटरात वाजवणारे हजारो लोक बेकार झालेच होते. मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो. मशीन आलं की माणसं कमी होतात हे मला कुणी शिकवायला नको. पण आमच्या मशीनमध्ये कापूस असतो. इथं वादकाचा स्वतःचा श्वास मशीनमध्ये भरला आणि तोच त्याची नोकरी खायला लागला.

म्हणून अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या युनियनचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यानं हुकूम काढला : १ ऑगस्ट १९४२ पासून एकही वादक रेकॉर्डिंग करणार नाही. मागणी साधी. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डीमागं थोडा पैसा युनियनच्या फंडात द्या. त्याच्या आदल्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री झाले होते. तिकडं महायुद्ध चालू. वर्तमानपत्रं पेट्रिलोला शिव्या घालत होती. १९४४ साली खुद्द अध्यक्ष रुझवेल्टनं संप मागं घ्यायला सांगितलं, तरी युनियन हटली नाही. डेक्का कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये वाकली. कोलंबिया आणि व्हिक्टर या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये वाकल्या. फंड मिळाला. त्यातून बेकार वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम झाले. संप जिंकला.

मग बिघडलं काय?

पहिली गोष्ट. गाणारे युनियनमध्ये नव्हते. गळा हे वाद्य नाही, असं युनियनचं गणित. मालकाला एवढी फट पुरते. कोलंबियानं १९४३ साली फ्रँक सिनात्राला उभं केलं, मागं वाद्यांऐवजी नुसता कोरस, आणि रेकॉर्डी काढल्या. त्याआधी बँड मोठा आणि गाणारा त्यातला एक नोकर, अशी रीत होती. संप संपला तोवर गाणारा पुढं गेला नि बँड त्याच्या मागं पडला. पुढं मोठे बँड मोडले. त्याला युद्धातली भरती, पेट्रोलची टंचाई, नाचघरांवरचा कर ही कारणंही होतीच. पण गाणाऱ्याला युनियननं बाहेर ठेवलं आणि मालकानं उचललं, ही गोष्ट खोडता येत नाही.

दुसरी गोष्ट. ज्यांना आत घेतलं त्यांच्यातही भिंत होती. बऱ्याच शहरांत काळ्या वादकांची शाखा वेगळी. पेट्रिलोच्या शिकागोत गोऱ्यांची १० नंबरची, काळ्यांची २०८ नंबरची. लॉस एंजेलिसमधल्या दोन शाखा १९५३ साली एक झाल्या, शिकागोतल्या १९६६ साली. संपात एक आणि कामाच्या यादीत दोन!

हे वाचताना मला आपली मुंबई दिसते. १९२८ च्या संपात दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने बाहेर होते. पण माग खात्यात जिथं मजुरी जास्त, तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढायचा, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. माझा पणजा जन्मभर रिंग खात्यातच राहिला. बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. त्यांना तो जिवावर आला. लाल बावट्याखालीही धोटा बाटत होताच.

तिसरी गोष्ट सगळ्यात जिव्हारी लागणारी. त्याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळी पोरं रात्र रात्र जागून नवं संगीत घडवत होती. त्याला पुढं बीबॉप म्हणाले. १९४३ साली अर्ल हाइन्सच्या बँडात चार्ली पार्कर होता, डिझी गिलेस्पी होता, गायला सारा व्हॉन होती. या बँडाची एकही रेकॉर्ड कंपनीनं काढली नाही, कारण संप चालू. फेब्रुवारी १९४४ मध्ये अपोलो या छोट्या कंपनीत कोलमन हॉकिन्सनं गिलेस्पीला घेऊन वाजवलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये सॅव्हॉयसाठी पार्करनं 'को-को' वाजवलं. लोक म्हणाले, हे एकदम कुठून आलं? एकदम काहीच येत नसतं. झाड दिसलं, मुळं नोंदवायची राहून गेली.

संप चूक होता असं मी म्हणत नाही. संप बरोबरच होता. पण ज्यानं कुणाला बाहेर ठेवलं, त्या संपात मालकाला दार सापडतं. आणि ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास दुसरा कुणीतरी लिहितो, त्याच्या सोयीनं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव झाले. ढोलकीवाला कोण, तुणतुण्यावर कोण, मागं झील धरणारे कोण, यातली किती नावं आपल्याकडं आहेत? आता खिशात मोबाइल आहे, भोंग्यापुढं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. वस्तीत अजून जुन्या चाली गाणारी माणसं आहेत. त्यांचा आवाज धरून ठेवा. गाणाऱ्याचं नाव लिहा. आणि हलगीवाल्याचं त्याच्या शेजारीच लिहा, त्याच आकाराच्या अक्षरात.