शिकेकाई, रिठे आणि शांपू

आमच्या लहानपणी रविवारी न्हाणे असे. आई शिकेकाई, रिठे, आवळकाठी रात्री भिजत घालून सकाळी उकळायची. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो, तेलकटपणा निघतो. खर्च अगदी थोडा.

'शांपू' हा शब्दही आपल्याकडचाच! हिंदीतल्या 'चाँपो' म्हणजे 'दाबा' यावरून आलेला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह चालवले आणि १८२२ मध्ये त्यावर पुस्तकही काढले. तेव्हा शांपू म्हणजे मालिश. केस धुणे हा अर्थ नंतरचा.

हे वाचताना एक विद्यार्थिनी आठवली. सारखी डोके खाजवते म्हणून तिला मी भर वर्गात रागावले होते. तिच्या घरी शिकेकाईलाही पैसे नव्हते, हे नंतर कळले. रिठ्यांची पुडी नेऊन दिली. माफी मागायची मात्र राहूनच गेली.