बालाघाट : हवेच्या निर्देशांकात न दिसणारे मँगनीज

वैनगंगेकाठचे बालाघाट मध्य प्रदेशात मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे. शहरालगत भरवेली येथे ‘मॉइल’ या नागपूरस्थित सरकारी कंपनीची खाण आहे. ती आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते. फेरोमँगनीजचा कारखानाही तेथेच आहे.

शहराच्या हवेत वाहनांचा धूर, भातगिरण्यांची धूळ आणि चुलींचा धूर मिसळतो. थंडीत तो जमिनीलगत साचून राहतो. यातील सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि दमा, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. हे कोणत्याही शहराला लागू आहे. बालाघाटचा प्रश्न त्यापुढचा आहे.

मँगनीज शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असते. अन्नातून आलेला जादा अंश यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून आलेला धातू मात्र ही चाळणी टाळून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांत तो साठला, की चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो, बोलणे मंदावते. स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांतील असा विकार जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवला होता. तो कंपवातासारखा दिसतो. पण कंपवातावरील नेहमीच्या लेव्होडोपा या औषधाचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. खडक फोडणे, खनिज दळणे आणि विशेषतः भट्टीचा धूर ही यातील जोखमीची कामे. वस्तीपर्यंत किती धूळ पोहोचते, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि गफलत नेमकी मोजण्यातच आहे. भारताचा वायू गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर ठरतो. त्यांत शिसे आहे, मँगनीज नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील बारा घटकांतही ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २००० मध्ये युरोपसाठी घनमीटरला ०.१५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरी सुचवली होती. म्हणजे निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसला, तरी त्यावरून मँगनीजविषयी काहीच कळत नाही. शिवाय २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मध्य प्रदेशातील भोपाळ, इंदूर, जबलपूरसारखी शहरे आहेत, बालाघाट नाही.

रक्ततपासणीही फार काळ मागचे सांगत नाही; ती प्रामुख्याने अलीकडच्या संपर्काची खूण दाखवते. त्यामुळे चाल बिघडलेल्या रुग्णाने पूर्वी कोठे आणि कोणते काम केले, हे डॉक्टरांनी विचारणे येथे तपासणीइतकेच आवश्यक ठरते.