कार्बन काढणे : टू-स्ट्रोक स्कूटरच्या देखभालीचा इतिहास

यंत्राचा इतिहास आपण बहुधा कारखान्याच्या बाजूने वाचतो. या टिपणात तो दुरुस्तीच्या बाजूने पाहू. १९७० व १९८० च्या दशकांत स्कूटर असलेल्या घराला ‘कार्बन काढणे’ हे काम ठाऊक असे. ते का करावे लागे आणि लोक ते इतक्या नेमाने का करत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरमध्ये जाते. म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, साधारणपणे लिटरला २० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होण्याची भीती; जास्त झाले तर अर्धवट जळून प्लग, हेड, पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर यांत काजळी साचते. मग गाडीचा पिकअप जातो, चढावर ती दम टाकते.

उपाय सोपा होता. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसल्याने हेड सहज उघडे. पिस्टन वर आणून त्याचा माथा हलक्या हाताने खरवडायचा; धातू ॲल्युमिनियमचा, म्हणून लाकडाची पट्टी बरी. पोर्ट साफ करताना मात्र पिस्टन खाली न्यायचा. प्लग तारेच्या ब्रशने घासायचा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरकारी धोरणात सापडते. बजाज ऑटो इटलीच्या पिआज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. त्याच वर्षी लखनौत सरकारी ‘स्कूटर्स इंडिया’ स्थापन झाली. पण किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवत असे आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त होती. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेने मिळालेली गाडी टिकवणे भागच होते. गल्लोगल्लीचे मेकॅनिक या टंचाईतूनच उभे राहिले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. खरवडून निघे तो इंजिनात उरलेला कार्बन. बाकीचे न जळलेले तेल व पेट्रोल धुराबरोबर शहराच्या हवेत जाई. एकेका मालकाने नीट देखभाल केली तरी हा दोष पूर्णपणे जाणारा नव्हता, कारण तो रचनेतच होता. १९९१ पासून उत्सर्जनाचे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील पंपांवर सुटे टू-टी तेल विकण्यास बंदी घातली आणि पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळूनच देण्यास सांगितले. पुढे चार-स्ट्रोक स्कूटरने बाजार घेतला.

स्वाध्याय : तुमच्या गावातील जुन्या मेकॅनिकला भेटा. चार-स्ट्रोक गाड्या आल्यावर त्याचे कोणते काम गेले आणि कोणते नवे शिकावे लागले, ते लिहून काढा.